सर्जरीची झाडाझडती

नोटीस येते साधारण दोन आठवडे आधी. अमुक तारखेला आमची माणसं येतील, त्याआधी ही ही कागदपत्रं पाठवून द्या. पाठवणारं खातं असतं केअर क्वालिटी कमिशन. इंग्लंडमधले डॉक्टर, नर्सा, रिसेप्शनिस्ट सगळे त्याला नुसतं 'सीक्यूसी' म्हणतात. आणि जिला नोटीस येते ती जीपीची सर्जरी, म्हणजे आपल्याकडचा फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. फरक एवढाच, की तिथे जवळपास प्रत्येकाचं नाव अशा एखाद्या दवाखान्यात नोंदवलेलं असतं, डॉक्टरच्या फीसाठी खिशात हात घालावा लागत नाही, आणि मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे जायचं तर बहुतेक वेळा इथूनच चिठ्ठी घ्यावी लागते.

पुढचे पंधरा दिवस त्या दवाखान्यात काय चालतं, हे ज्यांनी झेडपीच्या शाळेत 'दिपोटी', म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येण्याच्या आधीचा आठवडा पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आग विझवण्याच्या सिलिंडरवरची तारीख कुणीतरी वाकून वाचतं. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पोलीस पडताळणीचा दाखला फाइलला आहे का, नर्सने लस टोचण्याच्या अधिकारपत्रावर सही केली आहे का, नळाच्या पाण्यात लीजिओनेलाचे जंतू नाहीत ना याची तपासणी कधी झाली होती, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, असं सगळं बाहेर निघतं. कोऱ्या प्रिस्क्रिप्शन फॉर्मचासुद्धा हिशेब ठेवावा लागतो. फॉर्मचे नंबर लिहून ठेवायचे आणि खोली रिकामी असेल तेव्हा प्रिंटरमध्ये ते उघडे पडू द्यायचे नाहीत, कारण चोरलेल्या फॉर्मवर अफूजन्य औषधं काढता येतात. हा सगळा भार येतो प्रॅक्टिस मॅनेजरवर. आपल्या दवाखान्यांत असा माणूस नसतो. तो डॉक्टर नसतो, पण दवाखाना तोच चालवतो.

ठरल्या दिवशी इन्स्पेक्टर येतात आणि त्यांच्याबरोबर सल्लागार म्हणून एक जीपी असतो. शोधायची असतात पाच उत्तरं. इथली सेवा सुरक्षित आहे का, तिचा गुण येतो का, माणसांशी आपुलकीने वागतात का, रुग्णाच्या गरजेप्रमाणे दवाखाना वळतो का, आणि कारभार नीट आहे का. या पाचांवरून शेवटी एक शेरा मिळतो: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनअ‍ॅडिक्वेट. एप्रिल २०१५ पासून हा शेरा दवाखान्यात लोकांना दिसेल असा लावणं कायद्याने सक्तीचं आहे. 'इनअ‍ॅडिक्वेट' असला तरी लावायचा. अख्खा अहवाल इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. प्रसिद्ध होण्याआधी दवाखान्याला दहा कामाचे दिवस मिळतात, तेही फक्त तपशिलातल्या चुका दाखवायला.

हे अहवाल मी ओळीने वाचले. भाषा रुक्ष आहे, पण वाचता वाचता एक गोष्ट सारखी समोर येत राहते: लसींचा फ्रीज. तापमान दोन ते आठ अंशांच्या दरम्यान हवं. सध्याचं, किमान आणि कमाल असे तीन आकडे कामाच्या प्रत्येक दिवशी लिहायचे आणि मग थर्मामीटर रीसेट करायचा. लसींचे खोके मागच्या भिंतीला टेकू द्यायचे नाहीत. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बीसारखी लस एकदा गोठली की वाया जाते, आणि ती गोठली होती हे बाटलीकडे बघून सहसा कळत नाही. सफाई करणाऱ्याने व्हॅक्युम क्लीनरसाठी फ्रीजचा प्लग काढू नये म्हणून प्लगवर चिठ्ठी चिकटवायची. हे वाचताना आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर डोळ्यांपुढे येते. तिथल्या आयएलआरवर, म्हणजे लसींच्या खास फ्रीजवर, लटकवलेलं तापमानाचं पुस्तक, त्यात सकाळ-संध्याकाळ भरायचे आकडे, तेच दोन ते आठ अंश.

इन्स्पेक्टर त्या पुस्तकात नेमकं काय बघतो, हे मजेशीर आहे. एखाद्या दिवशी आकडा ९.४ लिहिलेला असतो. तेवढ्याने दवाखाना नापास होत नाही. तो बघतो पुढच्या रकान्यात. तिथे काय केलं याची नोंद आहे का? लस उत्पादकाला फोन केला, लसी बाजूला काढल्या, पुन्हा वापरायच्या का ते विचारून ठरवलं, असं काही? कितीतरी अहवालांत नेमका हाच रकाना कोरा सापडल्याची नोंद आहे. आकडा रोज इमानेइतबारे लिहिलेला, तो चुकल्याचं मात्र लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नाही. कुठल्याही सरकारी रजिस्टराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला या कोऱ्या रकान्याची ओळख पटेल.

अशी तपासणी मुळात सुरू का झाली, याची गोष्ट बरीच मागून सुरू होते. ५ जुलै १९४८ ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, एनएचएस, सुरू झाली. रुग्णालयं सरकारजमा झाली, जीपी मात्र झाले नाहीत. ते स्वतंत्र कंत्राटदार राहिले. सरकारने माणशी ठरलेली रक्कम द्यायची, दवाखाना डॉक्टरचा आणि त्यात काय चालतं तेही डॉक्टरचं. दोन वर्षांत जोसेफ कॉलिंग्ज नावाचा एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर ५५ दवाखाने फिरला आणि मार्च १९५० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याने जे पाहिलं ते छापून आणलं. कारखान्यांच्या गावांतले दवाखाने त्याला इतके कळकट आणि घाईगर्दीचे वाटले, की काही तर लोकहितासाठी ताबडतोब बंद करावेत असं त्याचं मत झालं. डॉक्टर मंडळी खवळली. पण १९५२ मध्ये जीपींचं स्वतःचं कॉलेज निघालं, त्यामागे या अहवालाचा धक्का होता. कॉलिंग्ज कुणाचा इन्स्पेक्टर नव्हता. त्याच्यानंतर साठेक वर्षं इंग्लंडमधल्या सगळ्या दवाखान्यांत फिरून त्यांना शेरा देणारं कुणी आलंही नाही.

मधल्या काळात हॅरल्ड शिपमन होऊन गेला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात मार्केट स्ट्रीटवर त्याचा एकट्याचा दवाखाना होता. यादीवर तीन हजारांच्या आसपास माणसं. म्हाताऱ्या बायकांच्या घरी न बोलावता जाणारा, वेळ काढून बोलणारा डॉक्टर म्हणून गावात नाव. ३१ जानेवारी २००० रोजी न्यायालयाने त्याला १५ रुग्णांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. नंतर न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत २१५ खून सिद्ध झाल्याचं नोंदवलं गेलं. हत्यार होतं डायमॉर्फिनचं इंजेक्शन. १९७६ मध्येच तो पेथिडीनच्या खोट्या प्रिस्क्रिप्शनांबद्दल दंड भरून बसला होता, आणि वैद्यक परिषदेने ताकीद देऊन त्याला सोडलं होतं.

शिपमनच्या दवाखान्यात त्या काळी सीक्यूसीची माणसं गेली असती तर काय झालं असतं? मला वाटतं, आपुलकीच्या प्रश्नावर त्याला भरघोस गुण मिळाले असते. रुग्ण त्याच्यावर जीव टाकत होते. संशय आला तो भलत्याच लोकांना. मयताची कामं बघणाऱ्यांना, एका टॅक्सीवाल्याला, आणि शेजारच्या सर्जरीतल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांना. त्या मार्च १९९८ मध्ये कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेल्या, कारण दहनाच्या ज्या फॉर्मवर दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, ते शिपमनकडून फार येत होते. पोलिसांनी वरवर चौकशी करून फाइल बंद केली आणि त्यानंतर आणखी तिघींचा जीव गेला. खटल्यात त्याला गोत्यात आणलं ते त्याच्याच कॉम्प्युटरने. रुग्ण मेल्यावर तो मागच्या तारखा घालून हृदयविकाराच्या खोट्या नोंदी करत असे. आपण नोंद नेमकी कधी टाकली हे हार्ड डिस्क लिहून ठेवते, याची त्याला कल्पना नव्हती.

शिपमन हा अपवाद. अपवादावरून नियम बनवू नये असं तिथले जीपी आजही म्हणतात, आणि ते खरं आहे. पण दवाखान्यात खरं काय चाललंय ते नोंदींत सापडतं, प्रतीक्षागृहात सापडत नाही, हे त्या खटल्याने दाखवलं होतं. ते तपासणीच्या पद्धतीत उतरायला मात्र वीस वर्षं गेली.

सीक्यूसीचं काम १ एप्रिल २००९ रोजी सुरू झालं, आधीच्या तीन नियामक संस्था एकत्र करून. सुरुवातीला हात होता फार हलका. मग स्टॅफर्डच्या रुग्णालयातली भीषण हेळसांड बाहेर आली, रॉबर्ट फ्रान्सिस यांचा त्यावरचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, आणि सगळं राजकारण 'तपासणी कडक करा' या दिशेला वळलं. जीपींना सीक्यूसीकडे नोंदणी सक्तीची झाली ती त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. जनरल प्रॅक्टिसचे पहिले मुख्य निरीक्षक म्हणून प्रा. स्टीव्ह फील्ड आले. ते स्वतः जीपी आणि जीपींच्या कॉलेजचे माजी अध्यक्ष, म्हणजे घरचाच माणूस. पण डिसेंबर २०१३ मध्ये सुरुवातीच्या हजारेक तपासण्यांचं फलित सांगताना त्यांच्या निवेदनात अळ्या निघाल्या. खरोखरच्या अळ्या, एका दवाखान्यात सापडलेल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दुसरं काही नव्हतं. एका दवाखान्यातल्या अळ्या सगळ्या जीपींच्या माथी आल्या, आणि डॉक्टरांनी ते मनात ठेवलं.

वर्षभराने सीक्यूसीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तपासणीला जाण्याआधीच, नुसत्या उपलब्ध आकडेवारीवरून, जवळपास आठ हजार दवाखान्यांची 'धोक्याच्या पातळी'नुसार सहा गटांत वाटणी करून ती यादी नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केली. गावोगावच्या पेपरांत आपल्या गावातले 'धोकादायक' डॉक्टर कोण याच्या बातम्या आल्या. मग लक्षात आलं की गणितात चुका आहेत. काही दवाखान्यांचे गट बदलावे लागले, माफी मागावी लागली आणि पुढे ही गटवारीच गुंडाळली गेली. दवाखान्यात पाऊल न टाकता डॉक्टरला धोकादायक ठरवायचं आणि नंतर तपासायला जायचं, हा क्रम मुळातच उलटा होता. तो कुणाला खटकला कसा नाही, याचं मला नवल वाटतं.

दरम्यान, ऑक्टोबर २०१४ पासून शेऱ्यांसह खरी फेरी सुरू झाली होती. २०१७ च्या सुरुवातीपर्यंत ७,३६५ दवाखाने पाहून झाले. पहिल्या भेटीत ४ टक्के आउटस्टँडिंग, ७९ टक्के गुड, १३ टक्क्यांना सुधारणेची गरज आणि ४ टक्के इनअ‍ॅडिक्वेट. नापासांकडे पुन्हा जाऊन आल्यावर 'गुड' ८६ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे दहातले नऊ दवाखाने चांगले किंवा उत्तम निघाले. अळ्यांच्या बातमीला जेवढी जागा मिळाली तेवढी या आकड्याला मिळाली नाही, हे सांगायला नकोच. बिघडलेल्या दवाखान्यांत बिघाड बहुधा कारभारातला होता. काहीतरी चुकलं तर त्यावर एकत्र बसून बोलायची सवय नाही, एकटा डॉक्टर वर्षानुवर्षं कुणाशी न बोलता काम करतोय, कोण कशाला जबाबदार ते कुणालाच माहीत नाही, अशा प्रकारचा. भिंतीचा रंग उडाला म्हणून कुणाचा दवाखाना बंद झाला नाही.

गेल्या काही वर्षांत, कोविडनंतर, या तपासणीत एक खरा बदल झाला. इन्स्पेक्टरांचा सल्लागार जीपी आता दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींत ठरावीक शोध चालवतो. बऱ्याचदा तो त्या इमारतीत पाऊलही टाकण्याआधी हे काम उरकतो. इंग्लंडमधल्या जीपीकडे प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकावर असते आणि माणूस गाव बदलतो तेव्हा ती त्याच्या मागे जाते. त्यामुळे एखादा प्रश्न हजारो नोंदींना एका फटक्यात विचारता येतो.

उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट. संधिवातावरची ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. नीट घेतली तरी ती अस्थिमज्जेला आणि यकृताला त्रास देऊ शकते, म्हणून रक्ताची तपासणी ठरावीक काळाने झालीच पाहिजे. डोस स्थिरावल्यावरही निदान तीन महिन्यांतून एकदा. शोध विचारतो: या दवाखान्यातून मेथोट्रेक्सेट मिळणाऱ्यांपैकी कुणाकुणाचं रक्त वेळेत तपासलेलं नाही? पडद्यावर दोन-चार नावं येतात. मग सल्लागार एकेक नोंद उघडून वाचतो. कधी रक्त रुग्णालयात तपासलेलं असतं, फक्त रिपोर्ट इथवर आलेला नसतो. कधी तीन वेळा पत्र पाठवलेलं असतं आणि रुग्ण आलेला नसतो. आणि कधी काहीच नसतं. दर महिन्याला कुणीतरी 'रिपीट' बटण दाबलेलं असतं, बस.

किंवा मधुमेह. एचबीए१सीचा आकडा मधुमेहाच्या रेषेपलीकडे गेलेला, लॅबमधून रिपोर्ट आलेला, डॉक्टरने 'पाहिला' म्हणून टिक केलेला. पण नोंदीत मधुमेह हा शब्द कुठेच नाही. म्हणजे रुग्णाला मधुमेह आहे हे कॉम्प्युटरला ठाऊक, त्याला स्वतःला मात्र नाही. किंवा व्हॅल्प्रोएट. फिट्सवरच्या या औषधाने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. तेव्हा मूल होण्याच्या वयातल्या ज्या बाईला ते चालू आहे तिच्याशी हे बोलणं झालंय का, लिहून ठेवलंय का, हेही शोधता येतं.

दम्याचा शोध सगळ्यांत साधा आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वर्षभरात निळे, म्हणजे तात्पुरता आराम देणारे इनहेलर बारा किंवा त्याहून जास्त कुणाला दिलेत? दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा ब्रिटनमधला राष्ट्रीय अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या प्रिस्क्रिप्शनांची माहिती मिळाली, त्यांतल्या ३९ टक्क्यांना मरणाआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त असे इनहेलर दिले गेले होते. काहींना पन्नासच्या वर. ही माणसं तक्रार करत नव्हती. महिन्याला पंप मागत होती, तो मिळत होता, सगळे खूश. प्रतीक्षागृहात प्रश्नावली वाटली असती तर त्यांनी दवाखान्याला चांगलेच गुण दिले असते.

अर्थात दुसरी बाजू आहे. जीपींचं म्हणणं, संदर्भ काढून टाकला की कुठलीही नोंद वाईट दिसते. दहा मिनिटांत एक रुग्ण उरकायचा, त्यात बोललेलं सगळं टाइप करायचं, आणि मग काही वर्षांनंतर कुणी परका डॉक्टर येऊन म्हणणार की इथे लिहिलेलं नाही, म्हणजे झालेलं नाही. हे चूक नाही. पण आणखी लिहून घेणं हा त्यावरचा उपाय असू शकत नाही, आणि सीक्यूसीकडे बहुधा तोच उपाय असतो.

या तपासणीची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. जूलियन ट्यूडर हार्ट नावाच्या वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या डॉक्टरने १९७१ मध्ये मांडलं होतं की जिथे आजार जास्त तिथे वैद्यकीय सेवा कमी, हाच जणू नियम आहे. त्या कमी पडलेल्या जागा कुणी भरल्या? साठ-सत्तरच्या दशकांत भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी. इतिहासकार जूलियन सिम्पसन यांनी या डॉक्टरांवर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. मुंबईचं ग्रँट किंवा केईएम, पुण्याचं बीजे इथून शिकून गेलेले मराठी डॉक्टरही त्यांच्यात होते. रुग्णालयात बढत्या मिळेनात, मोठ्या नावाच्या शाखा गोऱ्यांसाठी; तेव्हा यांच्या वाट्याला आले बंद पडत चाललेल्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतले दवाखाने. पुष्कळांनी ते एकट्याने, बायकोला रिसेप्शनवर बसवून, तीस-तीस वर्षं चालवले.

असा दवाखाना सीक्यूसीच्या चौकटीत बसवून बघा. डॉक्टर एकटा, म्हणजे 'टीम मीटिंग'चं इतिवृत्त कुठून आणायचं? वस्ती गरीब, म्हणजे आजार जास्त, लसीकरणाला आणि कॅन्सरच्या चाचण्यांना येणारे कमी, त्यामुळे आकडे खाली. प्रॅक्टिस मॅनेजर ठेवायला पैसा नाही. वांशिक अल्पसंख्याक डॉक्टर चालवत असलेल्या दवाखान्यांवर सीक्यूसीनेच जानेवारी २०२२ मध्ये एक अहवाल काढला. असे दवाखाने जास्त वंचित वस्त्यांत आहेत, त्यांना माणसं आणि पैसा मिळवणं जड जातं, आणि तपासणीवर याचा परिणाम होऊ शकतो, हे त्यात मान्य आहे. मात्र डॉक्टरांच्या वंशाची नीट नोंदच संस्थेकडे नव्हती, त्यामुळे भेदभाव होतो की नाही हे ठामपणे सांगता येत नाही असंही त्यात आहे. दुसऱ्यांच्या कोऱ्या रकान्यांवर शेरे मारणाऱ्यांचा हा कोरा रकाना.

तरी मी एकट्या डॉक्टरच्या बाजूने सरसकट उभा राहणार नाही. वस्ती गरीब आहे म्हणून मेथोट्रेक्सेटवरच्या बाईचं रक्त तपासायचं राहिलं, हे कारण चालणार नाही. गरीब वस्तीतल्या रुग्णालाच त्या तपासणीची जास्त गरज आहे. प्रश्न असा, की 'इनअ‍ॅडिक्वेट'चा कागद दारावर लावून त्या बाईला काय मिळतं? नापास दवाखान्यात नवे डॉक्टर यायला तयार नसतात. दवाखाना बंद पडला की त्याची यादी शेजारच्या दवाखान्यांत वाटली जाते, आणि ते आधीच भरलेले असतात.

एका शब्दाच्या शेऱ्याने माणसाचं काय होतं, यावर इंग्लंडमध्ये गंभीर चर्चा सुरू झाली ती शाळांमुळे. रेडिंगमधल्या रूथ पेरी या मुख्याध्यापिकेने शाळा तपासणीनंतर जानेवारी २०२३ मध्ये आत्महत्या केली. तपासणीचा या मृत्यूत हातभार होता, असा निष्कर्ष कॉरोनरने काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांचा एकशब्दी एकूण शेरा बंद झाला. दवाखान्यांचा चालूच आहे.

पण तोवर शेरा देणाऱ्यांचीच पाळी आली होती. नोव्हेंबर २०२३ पासून सीक्यूसीने दवाखाने, रुग्णालयं, वृद्धाश्रम सगळ्यांसाठी एकच नवी चौकट आणली होती: ३४ गुणवत्ता-विधानं, प्रत्येकाला एक ते चार गुण, शिवाय नवी संगणकप्रणाली. इन्स्पेक्टरांचे विषयवार गट मोडून सगळ्यांना एकत्र केलं होतं. सरकारने डॉ. पेनी डॅश यांना चौकशीला बसवलं. त्यांचा अंतरिम अहवाल जुलै २०२४ मध्ये आला आणि आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ही संस्था कामाला योग्य उरलेली नाही, असं उघड सांगून टाकलं. २०१९ मध्ये जवळजवळ १५,८०० तपासण्या झाल्या होत्या, २०२३ मध्ये ६,७०० च्या आसपास. पाचातल्या जवळपास एका ठिकाणाला कधी शेराच मिळालेला नव्हता. रुग्णालय तपासायला गेलेल्या इन्स्पेक्टरने आधी रुग्णालय पाहिलेलंच नाही, असेही प्रकार डॅश यांना सांगितले गेले. जुन्या तपासणीचे गुण नव्यात मिसळून शेरा काढला जात होता आणि वाचणाऱ्याला तो ताजा वाटत होता. पुढे प्रा. माइक रिचर्ड्स यांनी त्या चौकटीची उलटतपासणी केली आणि सांगितलं, जुने विषयवार गट परत आणा, त्या त्या क्षेत्राचा मुख्य निरीक्षक परत नेमा. दहा वर्षांपूर्वी फील्ड यांच्या वेळी जे होतं, साधारण तेच.

आपल्याकडे काय आहे? सरकारी बाजूला आहे, आणि ते बऱ्याच लोकांना वाटतं त्यापेक्षा बरं आहे. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं, म्हणजे 'एनक्यूएएस', २०१३ पासून आहेत आणि त्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रंही येतात. चेकलिस्टमधल्या प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं की हे डोळ्यांनी पाहून ठरवायचं, कर्मचाऱ्याला विचारून, रेकॉर्ड बघून की रुग्णाला विचारून. सत्तर टक्के मिळाले तर प्रमाणपत्र, तीन वर्षांसाठी. १५ मे २०१५ पासून 'कायाकल्प' आहे, स्वच्छतेवर भर देणारा. त्यात जिल्ह्यात पहिल्या आलेल्या केंद्राला दोन लाख रुपये मिळतात. टीम येणार म्हटलं की रंगरंगोटी, कुंड्या, पाट्या. मेडिकल ऑफिसरपासून शिपायापर्यंत सगळे राबतात. हसू नये याला. स्वच्छ प्रसूतिगृह आणि वेगवेगळ्या रंगाच्या पिशव्यांत जाणारा कचरा हे बाळंतिणीच्या जिवाशी निगडित आहे.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्राने केली, जी इंग्लंडला जमलेली नाही. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्याचं काम पाहत होती. गावातल्या समितीने आरोग्य केंद्राला चांगलं, बरं किंवा वाईट ठरवायचं, रंगीत प्रगतिपुस्तक भरायचं आणि मग जनसुनवाईत डॉक्टर आणि तालुका अधिकाऱ्यांसमोर ते उघडायचं. डॉक्टर मुक्कामी राहत नाही, औषधं बाहेरून आणायला चिठ्ठी देतात, फुकट असलेल्या सेवेचे पैसे मागतात, असे प्रश्न. सीक्यूसीच्या अहवालात रुग्णांचं म्हणणं एका परिच्छेदात येतं. इथे रुग्णच माइक हातात घेऊन उभा राहत होता.

पण हे सगळं सरकारी केंद्रांपुरतं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरातल्या बाह्यरुग्ण उपचारांपैकी सरकारी केंद्रांचा वाटा तीस टक्के निघाला आणि खासगी डॉक्टर-दवाखान्यांचा बेचाळीस टक्क्यांवर. आणि या दुसऱ्या गटाकडे गुणवत्ता बघायला कुणीही जात नाही. महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ चा, २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, पण तो खाटा असलेल्या ठिकाणांचा. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे टेबल, स्टूल, पडदा आणि एक कंपाउंडर एवढ्यावर चालणाऱ्या दवाखान्याने वैद्यकीय कचऱ्याची परवानगी घेतली आणि डॉक्टरची परिषदेत नोंदणी असली, की झालं. तिथल्या फ्रीजचं तापमान दोन ते आठ आहे की बारा, हे डॉक्टर आणि फ्रीज यांच्यातलं गुपित.

सीक्यूसीसारखं खातं इथे आणा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे त्याचं रूपांतर कशात होईल हे डॉक्टरही जाणतात आणि रुग्णही. पण समजा उद्या एखादा प्रामाणिक इन्स्पेक्टर आलाच आणि म्हणाला, मेथोट्रेक्सेटवर असलेल्या तुमच्या रुग्णांची यादी काढा, तर डॉक्टर ती कुठून काढणार? त्याच्याकडे बहुधा केसपेपरही नसतो. रिपोर्ट, एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या हे सगळं रुग्ण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी नेतो, आणि पुढच्या वेळी डॉक्टर बदलला की तीच पिशवी नव्या टेबलावर रिकामी करतो. ती पिशवी कुठल्याही सर्व्हरवर नसल्यामुळे तिला शोध लावता येत नाही. तोवर महिन्याला दोन-दोन पंप कोण नेतं हे आपल्या गावात एकाच माणसाला ठाऊक असतं, मेडिकलवाल्याला. आणि त्याला ते कुणी विचारलेलं नाही.